शिमला पाहावं उतारावरून

शिमल्याला जाऊन आलेल्या बहुतेक मराठी घरांत तो एक फोटो असतो. रिजचं मोकळं मैदान, मागे फिकट पिवळ्या रंगाचं ख्राइस्ट चर्च, त्याच्याही मागे जाखूची टेकडी आणि पुढे स्वेटर-मफलर घातलेलं अख्खं कुटुंब. आमच्याही घरी आहे. त्या सहलीत शिमल्याच्या वाट्याला दीड दिवस आला होता. त्यातला बराचसा कुफ्रीच्या घोड्यांनी खाल्ला, आणि उरलेल्यात 'मॉल रोडला मोकळा वेळ' म्हणून दोन तास मिळाले. चर्च पाहिलं, शाली घेतल्या, बसमध्ये जाऊन बसलो. फोटोत मी जिथे उभी आहे त्या जमिनीच्या पोटात शहराची पाण्याची टाकी आहे. इंग्रजी अमदानीत चुन्यात बांधलेली, सुमारे ४५ लाख लिटर पाणी मावेल एवढी. हे मला कळलं पुष्कळ वर्षांनी, दुसऱ्यांदा गेले तेव्हा.

त्या टाकीपाशी माझा विचार अडकला तो अजून सुटलेला नाही. २०१८ च्या उन्हाळ्यात शिमल्यातले नळ दिवसचे दिवस कोरडे होते, लोक रात्री-अपरात्री टँकरपुढे रांगा लावत होते आणि 'पर्यटकांनो, सध्या येऊ नका' असं आवाहन तिथले रहिवासी करत होते. त्या काळातही रिजवर माणसं फोटो काढत उभी असतील, पायाखाली काय आहे याची कल्पना नसताना. डोंगरावरच्या शहरात सर्वांत मोलाचं बांधकाम कोणतं, असं कोणी विचारलं तर मी चर्चच्या आधी त्या टाकीचं नाव घेईन. आणि आपण जिला 'वास्तुदर्शन' म्हणतो त्या फेरीत ती नाही.

माझं म्हणणं थोडक्यात असं आहे. शिमल्याच्या इमारती आपल्याला त्यांच्या चेहऱ्यांवरून दाखवल्या जातात: ही गॉथिक, ती ट्यूडर, तो स्कॉटिश धाटणीचा वाडा. पण त्या उतारावर उभ्या कशा राहिल्या, त्यांचं वजन किती, त्यांच्या अंगावरचं पाणी कुठे जातं, हे दाखवलं जात नाही. जे दाखवलं जातं तेच जपलं जातं आणि त्याचीच नक्कल होते. म्हणून आज शिमल्यात उतरत्या छपराचे खोटे त्रिकोण लावलेली सहा-सात मजली सिमेंटची हॉटेलं आहेत. चेहरा उचलला, अक्कल मागे राहिली. हा पर्यटकाच्या हौसेपुरता प्रश्न नाही. त्या शहराच्या जिवाचा आहे, आणि त्यात वर्षाकाठी तिथे जाणाऱ्या आपल्यासारख्या लाखोंचा हात आहे.

आधी त्या चेहऱ्यांचं श्रेय त्यांना द्यायला हवं, कारण ते खरोखर देखणे आहेत. ऑब्झर्व्हेटरी हिलवरचं व्हाइसरीगल लॉज, म्हणजे व्हाइसरॉयचं निवासस्थान, १८८८ साली पुरं झालं, लॉर्ड डफरिनच्या काळात, हेन्री आयर्विन या वास्तुकाराच्या आराखड्यावर. आतलं सागवान ब्रह्मदेशातून आणलं, देवदार आणि अक्रोड इथलाच. वीज त्याच वर्षी तिथे खेळू लागली, हिंदुस्थानातल्या कित्येक मोठ्या शहरांना ती माहीतही नव्हती तेव्हा. १९४५ ची शिमला परिषद इथेच भरली. स्वातंत्र्यानंतर हे राष्ट्रपती निवास झालं आणि १९६५ पासून इथे भारतीय उच्च अध्ययन संस्था आहे. सत्तेच्या घरात विद्वानांनी वाचत बसावं, हा निर्णय मला आपल्या प्रजासत्ताकाच्या सर्वांत सुंदर निर्णयांपैकी एक वाटतो. तिकीट काढून गेलं की मार्गदर्शक खालची काही दालनं दाखवतो, जिन्याचं लाकूड दाखवतो, परिषदेचे फोटो दाखवतो. बाहेर हिरवळीवर मात्र आपण एकटे असतो. त्या हिरवळीखाली पावसाचं पाणी साठवण्याची सोय केलेली आहे. पुन्हा टाकीच.

आता हे सामान वर कसं आलं ते पाहा. काल्का ते शिमला ही छोटी रेल्वे सुरू झाली १९०३ साली. खाली काल्क्यापर्यंतसुद्धा रूळ पोचले ते १८९१ साली. म्हणजे १८८८ चं हे दगडी प्रकरण उभं राहिलं ते खेचरांच्या आणि माणसांच्या पाठीवर. शिमल्याच्या आजूबाजूच्या डोंगरी संस्थानांत बेगार होती. साहेबाचं सामान एका मुक्कामावरून दुसऱ्यापर्यंत वाहणं ही गावकऱ्यांवर लादलेली सक्ती होती, शेतीच्या ऐन कामाच्या दिवसांतसुद्धा. कोटगढला स्थायिक झालेल्या सॅम्युअल स्टोक्स या अमेरिकन माणसाने, हिमाचलच्या सफरचंदांशी ज्याचं नाव जोडलेलं आहे त्यानेच, या बेगारीविरुद्ध १९२१ च्या सुमारास लढा दिला. त्याच वर्षी गांधीजी शिमल्याला आले आणि इतक्या उंचीवर बसलेल्या सरकारला त्यांनी पाचशेव्या मजल्याची उपमा दिली. पंधरा फुटांचा मजला धरला तर साडेसात हजार फुटांचा हिशेब बरोबर बसतो. वास्तुशास्त्राच्या भाषेतली याहून नेमकी राजकीय टीका मला दुसरी ठाऊक नाही. पाचशे मजल्यांचा जिना कोण चढतं आणि पाठीवर काय घेऊन, हे त्या इमारतींच्या माहितीत आलंच पाहिजे. त्याने त्यांचं सौंदर्य कमी होत नाही. घडवणाऱ्यांचा वाटा तेवढा परत मिळतो.

आणि घडवणाऱ्यांकडे पाठीशिवाय हातही होते. मला ज्याबद्दल खरं बोलायचं आहे ते हे.

लोअर बाजारात, मॉलच्या खालच्या अंगाला, जुन्या घरांच्या भिंतींचा गिलावा काही ठिकाणी निखळलेला दिसतो. आत लाकडी चौकटी दिसतात, उभ्या, आडव्या, तिरप्या, आणि त्यांच्या खणांत मातीत बसवलेले छोटे-छोटे दगड. हिला धज्जी म्हणतात. धज्जी म्हणजे चिंधी. आपल्याकडे 'धज्ज्या उडवल्या' म्हणतो तोच शब्द. चिंध्या जोडून गोधडी शिवावी तशी तुकडे जोडून केलेली भिंत. पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला ती गरिबाची भिंत वाटली होती, हाताला लागेल ते भरून वेळ भागवलेली. मग तिचं काम समजून घेतलं. भूकंपात जाड दगडी भिंत एकसंध राहायला बघते आणि एकदम फुटते. धज्जीची भिंत मुळात तुकड्यांचीच असते. धक्का बसला की खणांतली माती तडकते, दगड एकमेकांवर घासतात, धक्क्याचा जोर त्या हजार छोट्या घासण्यांत खर्ची पडतो, आणि लाकडाची चौकट सगळं एकत्र धरून ठेवते. दुसऱ्या दिवशी मिस्त्री येतो, माती पुन्हा लिंपतो. शिवाय भिंत पातळ आणि हलकी, त्यामुळे उतारावर भार कमी. साहेबांच्या कितीतरी बंगल्यांच्या भिंती गिलाव्याखाली अशाच आहेत. वर इंग्लंडचा चेहरा, आत पहाडी हाडं.

हिमाचलात याहून जुनी दुसरी रीत आहे, काठकुणी. काठ म्हणजे लाकूड, कुणी म्हणजे कोपरा. देवदाराच्या तुळया आणि कोरडे दगड यांचे एकाआड एक थर, कोपऱ्यांत लाकडं एकमेकांत गुंतवलेली, मधे चुना नाही की सिमेंट नाही. सराहनचं भीमाकाली मंदिर असं आहे. कुलूच्या बाजूचा नग्गरचा वाडाही असाच, आणि १९०५ चा कांगड्याचा भूकंप, ज्यात वीस हजारांच्या आसपास माणसं गेली, तो त्या वाड्याने सोसला.

इथे एक सावधगिरी हवी. जुनं ते सगळं शहाणं असं मी म्हणत नाही, मराठी माणसाने तर म्हणूच नये. १९९३ साली किल्लारीत माणसं मेली ती परंपरेने बांधलेल्या घरांतच: गोल दगड मातीत रचलेल्या जाड भिंती, एकमेकींना न बांधलेल्या, आणि डोक्यावर माळवदाचं ओझं. फरक आहे तो बांधणीत. धज्जीत आणि काठकुणीत लाकूड दगडाला बांधून ठेवतं. किल्लारीच्या भिंतींना असं काही धरून ठेवणारं नव्हतं. म्हणजे पाहायची आणि शिकायची गोष्ट 'परंपरा' हा मोघम शब्द नाही, तिच्यातला सांधा आहे. असा सांधा दाखवणाऱ्या वास्तुदर्शनाला माझ्या लेखी किंमत आहे.

वजनाचा धडा साहेबालाही शिमल्यानेच दिला. मॉलवरचं गेइटी थिएटर आपण आज पाहतो ते मुळात एका पाच मजली टाउन हॉलचा भाग होतं. १८८७ साली, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षी ते खुलं झालं. आराखडा पुन्हा आयर्विनचाच. नाटकघर, नृत्याचं दालन, शस्त्रागार, पोलीस कचेरी, सगळं एकावर एक रचलेलं. पंचवीसेक वर्षांतच ती इमारत धोक्याची ठरली आणि वरचे मजले उतरवावे लागले. साम्राज्य ऐन भरात होतं, पैसा होता, इंजिनीयर होते. तरी उताराने सांगितलं आणि त्यांनी मजले उतरवले. आज गेइटीसमोर उभा राहणारा प्रवासी जे आहे ते पाहतो. मला वाटतं, त्याने नजर थोडी वर नेऊन जे नाही तेही पाहावं. शिमल्यातला सर्वांत शिकवणारा भाग तो आहे, आणि तिथे नुसतं आकाश आहे.

रेल्वे बोर्डाची इमारत त्याच रस्त्यावर आहे. १८९६-९७ मधली, पोलाद आणि ओतीव लोखंडाची, आगीला दाद देऊ नये म्हणून तशी केलेली. तिचं काम मुंबईच्या रिचर्डसन अँड क्रुडास या कंपनीने केलं होतं, हे मुंबईकरांना सांगायला मला विशेष आनंद होतो. २००१ साली तिच्या वरच्या मजल्याला आग लागली. इमारत उभी राहिली. त्याउलट गॉर्टन कॅसल. जयपूरच्या अल्बर्ट हॉलशी ज्याचं नाव निगडित आहे त्या स्विंटन जेकबने आराखडलेली, १९०४ ची, राजस्थानी झरोक्यांची आठवण करून देणारी ती देखणी इमारत २०१४ च्या जानेवारीत वरून जळाली. पीटरहॉफ ही व्हाइसरॉयची जुनी कोठी तर १९८१ च्या आगीत गेलीच, जिथे गांधीहत्येच्या खटल्याचं अपील पंजाब उच्च न्यायालयापुढे चाललं होतं. आता तिथे त्याच नावाचं नवं हॉटेल आहे. लाकूड, त्यात खेळवलेल्या जुन्या वायरी आणि हिवाळ्यातले हीटर: हे मिश्रण ज्या शहरात घरोघरी आहे, तिथे वारसा जपायचा म्हणजे दर्शनी भागाला रंग देणं पुरेसं होत नाही, इतकं तरी या यादीतून समजायला हवं.

आता २०२३ च्या पावसाकडे येते. १४ ऑगस्टला, श्रावणातल्या सोमवारी, समरहिलचं शिवमंदिर दरडीखाली गेलं. वीस माणसं गेली. व्हाइसरीगल लॉजची टेकडी तिथून जवळच. त्याच दरडीने काल्का-शिमला मार्गाचा भराव वाहून नेला आणि रूळ स्लीपरांसकट हवेत लोंबत राहिले. दुसऱ्या दिवशी कृष्णनगरात घरं पत्त्यांसारखी घसरताना साऱ्या देशाने मोबाइलवर पाहिली. पाऊस अतोनात होता, हे खरं. पण पाऊस पडल्यावर पाण्याला वाट हवी. शिमल्याचे नाले बांधकामाच्या राडारोड्याने भरलेले, उतारांवर सांडपाणी मुरलेलं, पंचवीस हजारांसाठी आखलेल्या म्हणतात त्या शहरात २०११ च्या जनगणनेतच १ लाख ७० हजारांच्या आसपास वस्ती. राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ साली गाभ्याच्या आणि हिरव्या पट्ट्यांत नव्या बांधकामाला बंदी घातली आणि इतरत्र दोन मजले व पोटमाळा एवढी मर्यादा आखली होती. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२४ मध्ये लवादाचा तो आदेश बाजूला ठेवून २०४१ च्या विकास आराखड्याला वाट मोकळी करून दिली. शहराचा आराखडा कोणी करायचा, या अधिकाराच्या प्रश्नावर न्यायालयाचं म्हणणं मला पटतं; ते काम निवडून दिलेल्या सरकारचंच आहे. पण मग त्या सरकारवर दबाव कोणाचा? स्थानिक आपला जीव मुठीत धरून बोलतोच. हॉटेलवाला बांधतो ते पर्यटकासाठी, 'दरीदर्शन' खोलीला तो जास्त पैसे मोजतो म्हणून. त्या खोलीखालचे खांब कुठे रोवले आहेत हे आपण एकदाही विचारत नाही.

पहाडात 'डंगा' हा शब्द सारखा कानावर पडतो. डंगा म्हणजे उताराची माती अडवणारी दगडी भिंत. मॉल आणि बाजारांच्या खालून जाणाऱ्या कार्ट रोडवरून वर पाहिलं तर अख्खं शिमला डंग्यांच्या आधाराने टेकलेलं दिसतं. जुन्या कोरड्या दगडी डंग्याच्या फटींतून पाणी झिरपून बाहेर येतं, त्यात नेचे उगवतात. नव्या काँक्रीटच्या डंग्याला पाणी जायला भोकं ठेवली नाहीत किंवा ती बुजली, की मागे पाणी साठतं आणि एके दिवशी भिंतच पोट काढून पुढे येते. ही गोष्ट कळायला इंजिनीयर व्हावं लागत नाही. कोणी तरी बोट दाखवून सांगावं लागतं.

यावर मला ठरलेलं उत्तर मिळतं: लोक तिथे मजेसाठी जातात, त्यांना भिंतींचं व्याख्यान नको असतं. मला हे मान्य नाही आणि माझा पुरावा काल्क्याहून सुटणारी छोटी गाडी आहे. त्या गाडीत लोक पाच-सहा तास आनंदाने बसतात. कशासाठी? पोरं बोगदे मोजतात, १०२ भरले की टाळ्या वाजवतात. कनोहचा चार मजली कमानींचा पूल आला की मोठी माणसंसुद्धा खिडकीशी गर्दी करतात. बडोगच्या लांबलचक बोगद्याची आणि तिथे वाट सापडायला मदत करणाऱ्या भलकू नावाच्या अडाणी पहाडी माणसाची कथा प्रत्येक डब्यात कोणी ना कोणी सांगतं; त्याच्या नावाने शिमल्यात रेल्वेचं संग्रहालयही आहे. युनेस्कोने २००८ साली या मार्गाला जागतिक वारसा ठरवलं ते त्याच्या स्टेशनांच्या नक्षीसाठी नव्हे, डोंगर चढण्याच्या त्या करामतीसाठी. म्हणजे बांधणीची गोष्ट लोकांना आवडते. रेल्वेच्या बाबतीत ती सांगितली गेली, शहराच्या बाबतीत कोणी सांगितली नाही, एवढाच फरक.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. धज्जी आता बांधणार कोण, आणि देवदार आणणार कुठून? देवदार सरसकट तोडू द्यावा असं मीही म्हणणार नाही. पण काठकुणीला लागतात तशा भल्या तुळया धज्जीला लागत नाहीत. लहान मापाच्या लाकडावर तिचं भागतं. आणि तिला सरकारदरबारी मान मिळू शकतो याचं उदाहरण सीमेपलीकडे आहे. ऑक्टोबर २००५ च्या काश्मीर भूकंपानंतर पाकिस्तानच्या ताब्यातल्या भागात गावकऱ्यांनी आपणहून धज्जीची घरं बांधायला घेतली, तेव्हा तिथल्या पुनर्वसन यंत्रणेने ती पद्धत मान्य केली, अनुदानाला पात्र ठरवली आणि मिस्त्रींना प्रशिक्षण दिलं. हजारो घरं अशी उभी राहिली. आपल्याकडे मात्र नकाशा, कर्ज आणि घरकुल या सगळ्यांच्या मनात 'पक्कं' म्हणजे सिमेंट हे घट्ट बसलेलं आहे. हिमाचल सरकारने धज्जीची मोजमापं ठरवून ती मंजूर पद्धतींत घ्यावी, जुन्या घराची धज्जी दुरुस्त करणाऱ्याला वारसा म्हणून मदत द्यावी, आणि वारशाच्या यादीत मॉलवरच्या मनोऱ्यांबरोबर लोअर बाजारातल्या निनावी भिंतीही याव्यात, अशी माझी मागणी आहे. मी हिमाचलची मतदार नाही. पण तिथे पैसे खर्च करणारी आहे, आणि ते कशावर खर्च होतात याबद्दल बोलण्याचा हक्क मला आहे असं मी मानते.

आणि आपल्या सहलीच्या कंपन्यांकडे मागणं याहून सोपं आहे. तेच दोन तास द्या, वेगळे वापरा. रिजवर फोटो काढून होऊ दे, मग पायाखालच्या टाकीबद्दल दोन वाक्यं सांगा. गेइटीपाशी थांबून गेलेल्या मजल्यांकडे बोट दाखवा. तिथून पायऱ्यांनी मिडल बाजारात, तिथून लोअर बाजारात उतरा. गिलावा पडलेली एखादी भिंत हमखास भेटते. तिच्यातली तिरपी लाकडं पोरांना दाखवा, घरमालकाला विचारून, त्याच्या दारात गर्दी न करता. मग आणखी खाली कार्ट रोडपर्यंत जा आणि वळून सगळ्या उताराकडे एकदा पाहा, डंगे मोजत. चढ कुठेच नाही, आजी-आजोबांनाही हळूहळू जमेल. बस नाहीतरी खाली कार्ट रोडवरच उभी असते.